ईशान्येचा खड्डा

वास्तू हा शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरतं. काचीगुड्याच्या आमच्या घरात बुद्धवंदना होते, मुहूर्त-बिहूर्त कधी शिरले नाहीत, आणि संडास बरोबर ईशान्येला आहे. आजवर आमचं काही वाकडं झालेलं नाही. अशा मला कुकटपल्लीच्या पुढे उभ्या राहणाऱ्या एका नव्या कारखान्यात वास्तूची वकिली करावी लागली. आणि मी जिंकले! हे आधीच सांगून टाकते, मला राहवत नाही.

कारखाना लोखंडी सांगाडे बनवणारा. पर्यावरणाच्या अटी पाळल्या जातात की नाही हे बघून सही करायची, हे माझं काम. त्यातली एक अट अशी, की पावसाचं पाणी आवारातून थेट बाहेर सोडायचं नाही. सांडलेलं तेल, लोखंडाचा कीस, गंज, सगळं त्याच्याबरोबर वाहतं. म्हणून उताराच्या टोकाला आवारापेक्षा खोलगट बाग करायची, तीत पाणी थांबू द्यायचं, मातीतून, मुळांतून गाळलं गेलं की मग पुढे जाऊ द्यायचं. नकाशात ही बाग नैर्ऋत्येला होती, कारण जमिनीचा उतार तिकडेच होता.

होता! मी चार दिवस रजेवर गेले आणि परत येऊन बघते तर सगळं आवार उलटं. वास्तूवाल्या पंतुलूंनी, म्हणजे इकडच्या भटजींनी, सांगितलं होतं, नैर्ऋत्य उंच हवी, पाणी ईशान्येला वाहायला हवं. मालकांनी ट्रकवर ट्रक मुरूम ओतून नैर्ऋत्य भरून काढली. आता उतार ईशान्येला, म्हणजे गेटकडे. गेटपाशी बाग होती, पण लग्नाच्या स्टेजसारखी उंच, वर कारंजं. पाणी तिला वळसा घालून गेटबाहेर जाणार, तिथून नाल्यात, आणि नाल्यातून खालच्या तलावात.

त्या तलावावर अक्काचं पोट होतं. अक्का म्हणजे आमच्या गेटसमोर मासे विकायला बसणारी बाई. तिच्या वस्तीतले लोक मिळून तलावात माशांची पिल्लं सोडायचे. आदल्या वर्षी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका कारखान्यातून तेलकट पाणी उतरलं आणि सगळे मासे पोटं वर करून तरंगले. तो कारखाना आता बंद पडला होता. यंदा वस्तीनं पुन्हा पिल्लं सोडली होती. आमचा बदललेला उतार बघून अक्का मला तेलुगूत म्हणाली, "अम्मा, तुमचंही पाणी तसंच येणार असेल तर आत्ताच सांगा. यंदा मासे मेले तर मी गाव सोडून जाईन."

मी तणतणत मालकांच्या केबिनमध्ये गेले. अटी वाचून दाखवल्या, आवाज चढवला.

"नक्को मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "नैर्ऋत्येला खड्डा केला तर खानदान बुडतं. तुम्ही करा ना कुछ तो भी कागदावर."

"मी सही करणार नाही."

"मग दुसरं कुणी करेल."

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी चप्पलही न काढता सुरू झाले. मालक, पंतुलू, मुरूम, कुणाला सोडलं नाही. आईनं भाकरी उलटली.

"अगं, वरडतीस कशाला? त्याला पाणी ईशान्येलाच पाहिजे ना? मग थांबव की तिथंच. बाहेर कशाला जाऊ देतीस?"

"आई, तू वास्तूवाली कधीपासून झालीस?"

"गप गं! मोरीचं पाणी मी अळूला सोडते, तेव्हा दिशा विचारते का कुणाला?"

दुसऱ्या दिवशी मी अगदी गोड आवाजात विचारलं, "साब, ईशान्येचं पाणी म्हणजे लक्ष्मी ना?"

"हौ!"

"मग तिला गेटातून रस्त्यावर का हाकलताय?"

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी तिथल्या तिथे पंतुलूंना फोन लावला. ईशान्येला खोल जागा आणि तीत पाणी? याहून उत्तम काय, असं पंतुलू म्हणाले. मला हसू आवरेना, मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग काय विचारता! स्टेज फुटलं, कारंजं गेलं, जेसीबी आला. मी उन्हात उभी राहून प्रत्येक गोष्ट करून घेतली. खाली खडी, वर माती, त्यात वाळा आणि कर्दळ. बाहेर जाणाऱ्या पाइपाचं आतलं तोंड खाली वळवलं, म्हणजे वर तरंगणारं तेल आतच अडतं. उघड्यावरचं भंगार शेडखाली नेलं. मग मी सही केली, चांगली ठसठशीत.

गणपतीच्या सुमारास एका दुपारी पाऊस कोसळला. मी छत्री घेऊन गेटपाशी धावले. आवारातून लालसर, तेलाच्या रंगांनी चमकणारं पाणी आलं, खड्ड्यात शिरलं आणि थांबलं. कर्दळी निम्म्या बुडाल्या. बऱ्याच वेळानं पाइपातून पाणी पडायला लागलं. अक्का नाल्यात उतरली, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, पुन्हा घेतला. मग तिनं ते आपल्या तोंडावर मारलं आणि मोठ्यानं हसली. मी छत्री फेकून नाचायचीच बाकी होते. मागून मालक म्हणाले, "देखे मॅडम? इसको बोल्ते वास्तू!" मी दात आवळून "हौ साब" म्हटलं. त्या दिवशी मला त्यांचाही राग आला नाही.

उन्हाळ्यात तलावात जाळी पडली. अक्कानं गेटवर मला हाक मारली आणि हातभर लांबीचा रोहू माझ्या पिशवीत कोंबला. नको म्हणायची सोयच नव्हती, ती दोन्ही हात पसरून सांगत होती की याच्याहूनही मोठे निघालेत, आणि यंदाही पिल्लं सोडणार आहोत.

आईनं मराठवाडी मसाला लावून कालवण केलं. आम्ही दोघी जेवायला बसलो. तिनं पहिला घास घेतला, सावकाश काटा काढला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ईशान्येचा मासा चांगला लागतो गं."