कुंदाची सायकल ताशी सव्वाशेने धावली तो दिवस

हे मला लिहावं लागतंय, कारण माझ्या भाच्याच्या मते त्याच्या आईने फ्रान्समध्ये लबाडी केली. त्याच्याकडे पुरावा आहे. फोनमधल्या नोंदीनुसार प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तिची सायकल शोमों ते आंब्वाझ या टप्प्यात ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने धावली. कुंदा, म्हणजे माझी नणंद, एकसष्ट वर्षांची आहे. नोंद खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. मी अठ्ठावीस वर्षं कोलंबसला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. या दोहोंतला फरक मला कळतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. कुंदाचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून ती मिशिगनमध्ये नोव्हायला एकटी राहते. तिथे तिची बाग आहे, ग्रंथालयातलं अर्धवेळ काम आहे, मैत्रिणी आहेत. मुलगा निखिल टेक्ससमध्ये, अर्विंगला. आईने घर विकून आपल्याकडे यावं असा त्याचा हट्ट, आणि घराची दुसरी किल्ली एजंटला द्यायची म्हणून तो घेऊनही गेला होता. मार्चमध्ये आमच्याकडे दोघांची जुंपली, तेव्हा तो म्हणाला, "ओके आई, डील. तू सारखी म्हणतेस ना, तो फ्रान्सचा सायकल रूट पाच दिवस स्वतःच्या पायांवर कर. नो कार, नो ट्रेन, नो ई-बाइक. केलंस तर घराचा विषय मी परत काढणार नाही." तिला ते जमणार नाही असं त्याने धरून चाललं होतं.

त्याच रात्री कुंदा मला म्हणाली, "वहिनी, तू बरोबर येशील? तू मागे असलीस की मला थांबायची हिंमत होत नाही." मी ही स्तुती समजून होकार दिला.

एप्रिल-मे दोन्ही महिने ती शनिवार-रविवारी नोव्हायहून आमच्याकडे ओहायोतल्या डब्लिनला येत असे आणि आम्ही नदीकाठच्या ट्रेलवर सराव करत असू. तुम्हीही करा. दिवसाला चाळीस किलोमीटर सलग दोन दिवस जमले की लॉआर नदीचं खोरं जमतं. पॅरिसहून ब्ल्वा हे गाव ट्रेनने दोन तासांच्या आत येतं. सायकली तिथेच भाड्याने मिळतात, पाच दिवसांचे एकीला शंभर-सव्वाशे युरो. आपली उंची आधी कळवा, नाहीतर मिळेल त्या सायकलवर लटकावं लागतं.

सामानाबद्दल माझा सल्ला घेऊ नका. माझ्या मागच्या पिशवीत दशम्या, भाजणी, मेतकूट, बाकरवडी, दोन प्रकारचे चिवडे आणि लोणच्याची बरणी होती. एकूण नऊ किलो.

"वहिनी, आपण सायकलवर चाललोय की मुलीला सासरी पोचवायला?" कुंदाने विचारलं.

"परदेशात उपाशी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत," मी म्हणाले. खरं तर नव्हती पाहिली.

पहिला दिवस ब्ल्वा ते शाँबोर, अठरा किलोमीटर. रस्ता जवळपास सपाट, दोन्हीकडे गहू, मधेच लाल पॉपीचे पट्टे. सायकलवाटेला हिरव्या-पांढऱ्या पाट्या आहेत, त्या पाहत गेलं तर नकाशा लागत नाही. मग रान संपतं आणि समोर तो किल्ला. छपरावर इतकी धुराडी आणि मनोरे की वर एखादं गाव वसवलंय असं वाटावं. आत एक दुहेरी जिना आहे. दोन माणसं एकाच वेळी चढतात आणि झरोक्यांतून एकमेकांना दिसतात, पण समोरासमोर कधीच येत नाहीत.

कुंदा पलीकडच्या झरोक्यातून म्हणाली, "आपल्या सांगलीच्या घरात असा जिना हवा होता. आईची निम्मी डोकेदुखी वाचली असती."

सांगलीच्या एकाच घरात नणंद-भावजय म्हणून काढलेल्या आमच्या दिवसांबद्दल यापेक्षा नेमकं आजवर कोणी बोललेलं नाही. मला हसू आवरलं नाही.

बाहेर आलो तेव्हा अडीच वाजले होते आणि खानावळीचं स्वयंपाकघर बंद झालं होतं. तिकडे जेवण बारा ते दोन. त्यानंतर राजा आला तरी कॉफीच. आपली सवय मात्र आधी दर्शन, मग निवांत जेवण. दुसऱ्या दिवशी ब्ल्वाला परतताना शव्हेर्नीच्या किल्ल्यात आम्ही शिकारी कुत्र्यांचा कळप पाहत बसलो आणि पुन्हा तेच झालं. दोन्ही दिवस बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. "पिशवी कामाला आली की नाही?" मी दोन्ही दिवस विचारलं. तुम्ही मात्र बाराला जेवा, किल्ला मग पाहा. चारशे-पाचशे वर्षं तो कुठे गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी ब्ल्वाहून शोमोंपर्यंत नदीच्या काठाने सुरेख वाट होती. लॉआर रुंद आहे, उथळ आहे, मधे वाळूची बेटं. शोमोंचा किल्ला मात्र टेकाडावर. त्या चढावर माझ्या मागच्या चाकातून टणकन आवाज आला. लगेच दुसरा. दोन स्पोक तुटले होते आणि चाक ब्रेकला घासत होतं. सायकल भाड्याने देणाऱ्या मुलीला फोन केला. तिने पाच दिवसांचं सामान म्हणजे किती किलो असं विचारलं, मी सांगितलं, तिने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, दुरुस्ती आंब्वाझला होईल, पूल ओलांडलात की स्टेशन आहे, ट्रेनमध्ये सायकल चढवता येते. गाडी पावणेतीनची. त्यानंतरची थेट संध्याकाळी सातला.

"दोघी ट्रेनने जाऊ," मी म्हणाले.

"तू जा."

"पुढे वीस किलोमीटर आहेत, चढ आहेत. एकटी जाणार नाहीस तू."

"पैज माझी आहे, वहिनी. तुझी नाही."

"निखिलला कोण सांगणार आहे?"

हे वाक्य मी बोलले. कुंदा नाही.

कुंदाने हेल्मेटचा पट्टा लावला. "त्याने विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. तुला येईल का, ते मला माहीत नाही." मग स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "दुकानदाराशी बोलायला लागेल. भाषांतर करणारं ॲप यातच आहे."

"आणि तू वाट कशी शोधणार?"

"पाट्या आहेत की," असं म्हणून ती निघालीसुद्धा.

तेव्हा ताशी सव्वाशेने जे धावलं तो फोन होता, आणि तो माझ्या मांडीवर होता.

आंब्वाझच्या दुकानदाराने माझी पिशवी एका हाताने उचलली, खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पुन्हा उचलली. फोनमधून त्याचा प्रश्न इंग्रजीत आला, "मॅडम, यात दगड आहेत का?" मी बाकरवडी पुढे केली. त्याने तीन खाल्ल्या, स्पोक बदलले आणि फोनकरवी सांगितलं की पदार्थ उत्तम आहे, पण तो पोटात घालून न्यावा, चाकावर नको.

साडेचारला मी नदीवरचा पूल ओलांडून किल्ल्याच्या तटाखाली येऊन बसले. माझ्या हिशोबाने कुंदा यायला हवी होती. पाच वाजले. फोन करायची सोय नव्हती, तिचा फोन माझ्याच हातात होता. त्यावर निखिलचा मेसेज आला, 'आई लंच झालं का?' मी उत्तर दिलं नाही. सव्वापाचला मी कोणत्या बाजूने शोधायला निघावं याचा विचार करू लागले. साडेपाचला मला आठवलं की तिच्याकडे पाण्याची एकच बाटली आहे, आणि दुसरी बाटली लोणच्याच्या बरणीला जागा करण्यासाठी मीच काढायला लावली होती.

पावणेसहाला ती आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हँडलला कागदाची पिशवी.

"कुठे होतीस?"

"हरवले होते. दोनदा." ती तटाला टेकून बसली. "द्राक्षांच्या मळ्यात एक म्हातारी भेटली. ती फ्रेंच बोलत होती, मी मराठी. बाटली भरून दिली, चेरी दिल्या आणि हाताला धरून पाटीपाशी नेऊन उभं केलं. वहिनी, चेरी खा. तुझा चेहरा पांढरा पडलाय."

चेरी उत्तम होत्या.

ज्यांना पुरावा लागतो त्यांच्यासाठी: मधल्या वेळेत दुसरी गाडी नव्हती, आणि पावणेतीनच्या गाडीत सायकल घेऊन चढलेली मी एकटीच होते.

चौथ्या दिवशी आंब्वाझहून जंगलातून शनोंसो. तो महाल नदीवरच बांधलाय, खालून पाणी वाहतं, वर लांबच लांब दालन. आम्ही बाराला जेवून मग आत गेलो. पाचव्या दिवशी शेर नदीच्या खोऱ्यातून तूर शहर गाठलं. सगळं मिळून दीडशेच्या आसपास किलोमीटर. कुंदाने सगळे केले, मी वीस कमी.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. परत आल्यावर रविवारी आमच्याकडे जेवायला मंडळी जमली, निखिलही टेक्ससहून आला होता. सगळ्यांसमोर त्याने फोनवरचा आलेख उघडला. "आई, हा स्पाइक बघ. ट्रेन घेतलीस ना? इट्स ओके, पण डील इज डील."

"मी सायकलनेच आले," कुंदा म्हणाली.

"मग डेटा खोटं बोलतो का?"

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. ती एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण 'वहिनींनी सगळं अंतर कापलं' असं दहा मिनिटांपूर्वीच कोणी तरी कौतुकाने म्हणालं होतं आणि मी ते ऐकून घेतलं होतं. कुंदा बोलली नाही. मी आमटी वाढत राहिले. मंगळवारी निखिलने एजंटला फोन लावला, तो माझ्या स्वयंपाकघरातूनच.

बुधवारी सकाळी मी इथपर्यंत लिहिलं, छापलं आणि ब्लॉगवर टाकण्याआधी निखिलपुढे ठेवलं. तो उभ्याउभ्याच वाचू लागला, अर्ध्यावर खुर्ची ओढून बसला.

"मामी, तू ट्रेन घेतलीस?"

"घेतली."

"आणि संडेला गप्प बसलीस?"

"बसले."

"आई दोन तास विदाउट फोन होती?"

"तीन."

त्याने एक हात खिशात घातला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग हाक मारली, "आई, जरा खाली ये."

प्रवासाने काय दिलं असं लोक विचारतात. मांड्या दुखल्या, त्या थांबल्या. चेरीच्या काही बिया कुंदाने धुऊन ठेवल्या होत्या, त्या विमानतळावर फळांबरोबर टाकून द्याव्या लागल्या. बाकी प्रयोगशाळेची सवय आहे, काही हातांतून हातांत गेलं की मी नोंद करते.

वस्तू: नोव्हायच्या घराची दुसरी किल्ली, एक.
देणार: निखिल.
घेणार: कुंदा.
स्थळ आणि वेळ: डब्लिन, ओहायो, माझं स्वयंपाकघर, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं.
साक्षीदार: मी, या वेळी प्रत्यक्ष हजर.
मिळाली तेव्हाची स्थिती: गरम. बराच वेळ त्याच्या मुठीत होती.