चोवीस तासांचा डबा

तुमच्या पाठीमागे आत्ता कोण बसलंय, माहीत आहे का तुम्हाला?

मान वळवू नका, दिसणार नाही. दोघं आहेत. मुठीएवढी, कमरेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही अंगांना, मिट्ट काळोखात. तुमचं सगळं रक्त त्यांच्यातून जातं, परत येतं, पुन्हा जातं. तुम्ही झोपता, ती झोपत नाहीत. तुमच्या जन्माच्याही आधीपासून ती कामाला लागली आहेत आणि अजून एकदाही त्यांनी तुम्हाला हाक मारलेली नाही. (मारतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.)

भूतबित काही नाही, मूत्रपिंडं आहेत ती. भुतावर माझा विश्वास नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला तोंडघशी पाडायला उपयोगी पडेल.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी खेळणी कमी आणि बाबांनी सभांमधून आणलेली पत्रकं जास्त. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं! बाराव्या वर्षी मी भानामतीविरुद्ध पहिलं पत्रक लिहिलं. तेव्हापासून ‘भूत नसते’ हे मी इतक्यांदा छापलंय की छापखानेवाला तो मजकूर जुळवूनच ठेवतो.

गेल्या मे महिन्यात आईच्या पायांवर सूज आली. बोट दाबलं की खड्डा पडायचा. मग तो खड्डा, आतून कुणी हळूच वर ढकलावा तसा, भरून यायचा. बाबा तेंदूपत्त्याच्या कामावर सालेकशाकडच्या जंगलात होते. मी आईला तालुक्याला, गोरेगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाच लिटरचा एक पांढरा डबा टेबलावर ठेवला.

“चोवीस तासांची लघवी,” ते म्हणाले. “उद्या सकाळची पहिली टाकून द्यायची. त्यानंतरची प्रत्येक या डब्यात. परवा सकाळची पहिली धरून. डबा थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. रक्तातलं प्रोटीन किती गळून जातं ते बघू.”

“अन् जास्त गळत असन त?” आईने विचारलं.

“तर नागपूर. पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढतात, तपासायला.”

परतीच्या एसटीत आई तो रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. घर येईपर्यंत तिने पाठ सीटला टेकवली नाही.

घरी शेवंताआत्या ओट्यावर वाटच बघत होती. ही बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा, आमचे मामाजी, गेल्यापासून आमच्याकडेच असते. अंगावर पांढरं लुगडं, गुडघ्यांत कुरकुर, तोंडात सतत काहीतरी पुटपुटणं.

“काय म्हनला वं डाक्टर?”

“मूत्रपिंडं तपासायची आहेत.”

“कायचं पिंड?”

आता हे समजून घ्या. आमच्या घरात सगळ्यांना धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत. पिंडदान करणार नाही, ही त्यातलीच एक, आणि दर वर्षी आत्या ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणते.

“आपन सोडले नं पिंड!” आत्या कडाडली. “मंग हे वयनीच्या आंगात कोनं ठेवले?”

“आत्या, ते जन्मापासूनच असतात.”

“जित्या मानसाच्या आंगात?”

“दोन!” मी अभिमानाने म्हटलं.

नेमका त्याच क्षणी समोरच्या कुंपणावर एक कावळा येऊन बसला. आत्याने कावळ्याकडे पाहिलं. कावळ्याने आईकडे पाहिलं.

शहाण्या मुलीने इथे गप्प बसून चहा ठेवला असता. मी पत्रक लिहिलं! आणि संध्याकाळी ते दोघींना उभं राहून वाचून दाखवलं. ‘एकेका मूत्रपिंडात दहा लाख चाळण्या! दिवसाला पाणी गाळलं जातं एकशे ऐंशी लिटर! बाहेर येतं जेमतेम दीड! बाकीच्याचं काय होतं? पुनर्शोषण!’ (या शब्दाशी मी जरा अडखळले. आम्ही आयुष्यभर शोषणाविरुद्ध लिहीत आलो, आणि इथे ते पुन्हा पुन्हा होत होतं.) शेवटी घोषणेशिवाय पत्रक संपत नाही, म्हणून मूठ आवळून मी ओरडले, “आईची मूत्रपिंडं वाचवायची तर डबा भरलाच पाहिजे!”

आई झोपून गेली होती. आत्या मात्र डब्याकडे टक लावून बघत होती.

फ्रीजला आईने आधीच नकार दिला होता. (“तिथं दही राह्यते. मले नाही चालत.”) म्हणून डबा धानाच्या खोलीत ठेवला. खिडकी नसलेली खोली, मातीची जमीन, कोपऱ्यात बांबूची कोठी. डबा पाण्याच्या घमेल्यात. आई जाऊन आली की मी डब्यावर लाल पेनाने रेघ ओढायचे आणि वेळ लिहायचे. शास्त्र म्हणजे शास्त्र!

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मी शेवटची रेघ ओढली. त्यानंतर आई पंख्याखाली आडवी झाली. मे महिन्यातली आमच्याकडची दुपार तुम्ही पाहिली नसेल. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही. ऊन उभं असतं आणि त्याचा आवाज येतो. त्या आवाजात मला दुसरा आवाज ऐकू आला. धानाच्या खोलीतून. बारीक धार पडल्याचा.

मी गेले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. डबा जागेवर होता, झाकण लावलेलं होतं. पण आतलं पाणी रेघेच्या चार बोटं वर होतं. त्यावर पांढरा फेस होता, सकाळी नव्हता तो. मी डब्याला हात लावला.

डबा कोमट होता.

“आई,” मी हाक मारली, “तू आत्ता गेली होतीस का?”

“नाही वं. काऊन?”

“काही नाही.”

मी नवी रेघ ओढली. ती रेघ पावसाळ्यातल्या नाल्यासारखी वाकडीतिकडी आली. मग मी ओट्यावर बसून तर्कशुद्ध विचार केला. लघवी व्हायला रक्त लागतं. रक्त चाळण्यांतून रेटायला दाब लागतो. दाबाला हृदय लागतं. भुताला हृदय नाही, रक्त नाही, मूत्रपिंडं तर नाहीतच. म्हणजे भुताला लघवी होऊच शकत नाही! मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसले. आणि मग, हसू अर्ध्यावर असताना, दुसरा विचार आला. तर मग भरतंय कोण?

चार वाजता पाणी पुन्हा वर. फेस दाट. कावळा धानाच्या खोलीच्या कौलावर.

दिवेलागणीला मी कोठीच्या मागे लपून बसले. हातात टॉर्च होता, पण बटण दाबायचं धैर्य माझ्या बोटांत नव्हतं. जरा वेळाने दार करकरलं. पांढरं काहीतरी आत आलं. त्याचे सांधे कटकट वाजत होते. ते डब्यापाशी खाली बसलं, कण्हलं, आणि काळोखात पुटपुटायला लागलं.

“भर वं माय, भर... तिचं पिंड राहू दे... माह्यं घे...”

आणि धार पडायला लागली.

इतकी वर्षं लिहिलेल्या पत्रकांतलं एकही वाक्य मला आठवलं नाही. “आई गं! भूत!” अशी किंकाळी मी फोडली की कौलावरचा कावळा उडाला. त्यासोबत आणखीही काही घडलं. त्यात माझ्या मूत्रपिंडांचा दोष नाही. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. दगा खालच्या पिशवीने दिला, आणि माझी सलवार त्याची साक्षीदार आहे.

“कोन? कोन वं थे?” भुताच्या हातातला तांब्या खणकन पडला.

“आत्या?”

“तू कायले बसून राहिली तिथं? जीव घेतं का माह्या?”

आई कंदिलासारखा मोबाईल धरून धावत आली. तिने मला पाहिलं, आत्याला पाहिलं, डब्याला पाहिलं, माझी सलवार पाहिली. “सारे इथंच जाऊन राहिले का?” ती म्हणाली.

“आत्या, तुम्ही डब्यात कशाला टाकलंत?” मी रडकुंडीला आले होते.

“तूच त म्हनली, डबा भरला पाहिजे! पाच लिटरचा डबा अन् वयनीचं एवढुसंच. कसा भरन थो? नाही भरला त तिच्या पाठीत सुई टोचतीन. मंग म्हनलं, माह्यं कोनाच्या कामाचं आहे? दिवसभर तांब्या तांब्या पानी पेऊन राहिली मी.”

मी खाली बसले. आणि पहिल्यांदाच उद्गारचिन्ह न लावता बोलले. मूत्रपिंडं रक्तातलं जवळजवळ सगळं आधी गाळून बाहेर काढतात, फक्त रक्तपेशी आणि मोठी प्रोटीनं आत राहतात. मग बाहेर काढलेल्यातलं साखर, मीठ, पाणी, जे लागेल ते परत आत घेतात. नको ते उरतं, ती लघवी.

आत्याने पडलेला तांब्या उचलला. “म्हनजे घर सारवाले काढलं का आपन सारं सामान आंगनात काढतो. पेट्या तेवढ्या जागच्या हालत नाही. मंग कामाचं तेवढं घरात, कचरा उकिरड्यावर. हेच ना?”

हेच. माझं दोन पानी पत्रक तिने एका अंगणात संपवलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना खरं ते सगळं सांगितलं. (सलवार वगळून.) ते टेबलावर डोकं ठेवून हसले. मग हसता हसता थांबले.

“फेस कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“ओतल्यावर फेस सगळ्यांच्याच लघवीला येतो. पण तो विरतो; टिकून राहिला तर प्रोटीन गळत असू शकतं. तुम्ही म्हणता सकाळी नव्हता, दुपारपासून होता आणि गेलाच नाही. कुणाचा फेस?”

त्यांनी दोन डबे दिले. दोन नावं लिहून.

आईचं प्रोटीन ठीक निघालं. स्वतःच्या गुडघेदुखीसाठी आई दुकानातून आणून रोज ज्या वेदनाशामक गोळ्या खायची, त्या बंद केल्यावर सूज ओसरली. नागपूर टळलं. शेवंताआत्याचं मात्र प्रोटीन गळत होतं, आणि साखरही निघाली. किती दिवसांपासून, कुणालाच माहीत नाही, कारण तिला कुणी कधी तपासलंच नव्हतं. “मले काय होते?” असं ती म्हणायची आणि आम्ही खरं मानायचो. बायकांच्या आरोग्यावर मी तीन पत्रकं लिहिली होती. ती वाटायच्या आधी घड्या घालायला आत्याच बसली होती.

वेळेत कळलं, असं डॉक्टर म्हणाले. आत्या आता गोळ्या घेते आणि भेटेल त्याला सांगते, “वयनीचं पिंड पाहाले गेली, अन् माह्यंच सापडलं.”

तर एक विनंती आहे. मागणी नाही, घोषणा नाही, मी सुधारते आहे. तुमच्याही घरात “मला काय होतं?” म्हणणारी एक बाई असेल. या आठवड्यात तिला लघवी आणि रक्त तपासायला घेऊन जा. डब्यावर तिचं नाव ठळक लिहा. आणि डबा भरलाच पाहिजे असं नाही, हे तिला निघण्याआधी दोनदा सांगा. फक्त तिला हे वाचून दाखवू नका. मी वाचून दाखवलं की काय होतं, ते तुम्ही पाहिलंच आहे.