तक्रार नाही

आमच्या भाऊजींना कुणी "कसे आहात?" असं विचारलं की त्यांच्या टाचा आपोआप जुळतात आणि उत्तर येतं, "तक्रार नाही." दाढ ठणकत असतानाही तेच, आणि त्यांची आई गेली त्या दिवशी दारात आलेल्या शेजाऱ्यांनाही तेच. माझ्या ताईने पस्तीस वर्षं या माणसाशी संसार केलाय. मी तिची धाकटी बहीण, त्यांच्याच घरी राहणारी, म्हणजे भाऊजींची टर उडवायचा मला हक्कच. तो मी पुरेपूर वापरलाही. पण गेल्या वर्षी याच दोन शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड केला.

भाऊजी फौजेत होते, पण त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा नटबोल्टचे पाने जास्त राहिले. अठ्ठावीस वर्षं इंधनाच्या डेपोत टँकर भरायचे, रिकामे करायचे, आत उतरून टाक्या घासायच्या. हाताचं वंगण साबणाने निघत नाही म्हणून ते पेट्रोलनेच धुवायचं. सुट्टीवर आले की ताई आधी त्यांची बॅग उन्हात ठेवायची, तरी आठवडाभर घरात डेपोचा वास असायचा. निवृत्तीनंतर चार वर्षांनी मानेला गाठी आल्या आणि रक्तात पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. रक्ताचा कॅन्सर, पण सावकाश चालणारा. डॉक्टर म्हणाले, जाणार नाही, पण रोजच्या गोळीने आटोक्यात राहील. आजार डेपोतल्या वाफांमुळे झाला हे फौजेने मान्यही केलं. राहिला फक्त टक्का.

टक्का म्हणजे आजाराने माणूस किती निकामी झाला त्याचा आकडा. तो मेडिकल बोर्ड ठरवतं. अंतिम निकाल लागेपर्यंत गोळी फौजी इस्पितळातून मिळत होती; टक्का पन्नास किंवा त्याच्या वर आला, तर ती जन्मभर मिळणार. खाली आला, तर आपलं आपण बघा. आणि ती गोळी आपलं आपण बघण्यातली नव्हतीच, घर विकलं असतं तरी फार दिवस पुरली नसती. गोळी बंद झाली तर काय होईल, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. म्हणून तो विषय घरात कुणी काढत नसे.

तर अशा बोर्डापुढे आमचे भाऊजी गेले कसे? बुटांत तोंड दिसेल इतकं पॉलिश करून. बोर्ड बसायचं तिसऱ्या मजल्यावर. बरोबर गेलेली ताई लिफ्टपाशी थांबली तर म्हणाले, "ती आजारी लोकांसाठी आहे," आणि निघाले जिन्याने. वर पोचल्यावर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, धाप कुणाला दिसू नये म्हणून. मग छाती काढून आत. थकवा येतो का? तक्रार नाही. झोप लागते का? तक्रार नाही. बोर्डाने लिहिलं: अर्जदार जिना चढून आला, प्रकृती उत्तम दिसते, वीस टक्के.

पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला.

"भाऊजी, तुम्ही तपासणीला गेला होतात की परेडला?"

"साहेबांपुढे रडगाणं गाऊ का, धाकटे? आमच्याकडे कण्हत येणाऱ्याला कामचुकार म्हणतात."

"आणि गोळीचं काय?"

ताई उठून आत गेली. तिला रडायचं असलं की ती नळ सोडते. त्या दिवशी नळ बराच वेळ चालू होता.

फेरतपासणीचा अर्ज मी टाइप केला. कोर्टात टाइपिंग करण्यातच जन्म गेला माझा. जुने रिपोर्ट शोधायला भाऊजींचं कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात गाडीचं लॉगबुक. डेपोत प्रत्येक गाडीचं असतं ना, तसलं. रोज सकाळी गाडी तपासायची, दोष लिहायचा, खाली सही करायची. दोष लपवून सही करणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा, कारण टँकर रस्त्यात पेटला तर भलत्यांचेच जीव जातात. पण आमच्या घरी गाडी कुठली? साधी स्कूटरही नव्हती. पहिलं पान उघडलं. गाडी क्रमांकाच्या जागी भाऊजींचा फौजेतला नंबर होता.

"सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो. चढावर दोनदा बंद पडली. टाकीच्या डाव्या बाजूला फुगवटा, वाकता येत नाही. या महिन्यात इंजिन तिसऱ्यांदा तापलं. रात्री बॉडीभर पाणी सुटलं, चादर भिजली. मालकिणीला न कळवता बदलली."

अशी तीन वर्षं. एक दिवस चुकला नव्हता, आणि प्रत्येक नोंदीखाली सही. मी तिथेच फरशीवर बसून वाचत राहिले. मला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी इतकी माया दाटून आली की काय करावं सुचेना. शेवटी ते लॉगबुक मी कुणालाही न विचारता फाइलीत घातलं.

दुसऱ्या बोर्डाला त्यांच्याबरोबर मी गेले. "मी तिथे रडेन," असं म्हणून ताई घरीच राहिली. भाऊजी याही वेळी जिन्यानेच चढले. बोर्डाच्या प्रमुख एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारलं, "तब्येत कशी आहे?"

टाचा जुळल्या. "तक्रार नाही, मॅडम."

बाईंनी फाइलीतून लॉगबुक काढून टेबलावर ठेवलं. भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीकडे पाहायला लागले.

"ही सही तुमची?"

"हो, मॅडम."

"मग हे खरं, की आत्ता बोललात ते खरं?"

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती, आणि ही खोटी आहे असं म्हणणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

"लॉगबुक खरं आहे, मॅडम."

"ठीक आहे. तुमचं राहू द्या. मला या गाडीचा रिपोर्ट द्या."

आणि भाऊजी बोलायला लागले. सावधानमध्ये उभे राहून, समोरच्या भिंतीकडे बघत, पण बोलले. गाडी दुपारी चारनंतर चालतच नाही. न्हाणीघरात दोनदा कोसळली, घरी साबण सांडला होता असं सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. मधेच त्यांनी मान वर केली.

"ही गाडी तुम्ही ड्यूटीवर पाठवाल?"

"नाही, मॅडम."

"का?"

"रस्त्यात बंद पडेल." त्यांची नजर भिंतीवरून खाली आली. "मालकिणीला मी यातलं काही सांगितलेलं नाही."

"बसा," बाई हळूच म्हणाल्या. तेव्हा कुठे भाऊजी खुर्चीत बसले.

बाहेर आल्यावर मी सवयीने जिन्याकडे वळले. मागे पाहिलं, तर ते लिफ्टपाशी थांबले होते.

साठ टक्क्यांचं पत्र तीन आठवड्यांनी आलं आणि गोळी चालू राहिली. पण त्याची मला इतकी आठवण राहिलेली नाही. आठवतो तो बोर्डाहून परतलो त्या दुपारचा आमचा दरवाजा. रिक्षा थांबल्याबरोबर ताई बाहेर आली होती, पदराला ओले हात पुसत.

"अहो, कसे आहात?"

टाचा जुळायला लागल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. भाऊजींनी दाराची चौकट धरली.

"दमलोय गं," ते म्हणाले. "फार दमलोय."