मुक्ताने खांद्याला हात लावला

चाळिशीत विमा कंपनीतली नोकरी सोडली, दोन वर्षं पुन्हा शिकले आणि कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका झाले. माझ्या परीक्षांच्या काळात लेकीच्या, मुक्ताच्या वेण्या तिचे बाबा घालायचे, वाकड्यातिकड्या. आता सकाळी शाळेत जाताना मला गाणं सुचतं. इतकं आवडतं काम कुणाला मिळतं?

काल संध्याकाळी मी वर्गासाठी पुठ्ठ्याची चित्रं कापत बसले होते. मुक्ता काहीतरी सांगत होती आणि मी खाली मान घालून ‘हं, हं’ करत होते. मध्येच ती गप्प झाली. उठून जवळ आली आणि माझ्या खांद्याला तिने हलकेच दोनदा हात लावला. मी कात्री ठेवून पूर्ण वळले, तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागले.

ती म्हणाली, “तुझ्या शाळेतली मुलं असंच करतात ना? मी आले होते तेव्हा पाहिलं. मग तू लगेच बघतेस.”

तक्रारीचा सूरही नव्हता. तिला युक्ती सापडली होती, एवढंच. मला मात्र तिच्या डोळ्याला डोळा देववेना. परक्या मुलांचं न उच्चारलेलंही मी ऐकते, याचं केवढं कौतुक होतं मला!

“काय सांगत होतीस गं?”

“जाऊ दे, बाबांना सांगते.”

आतून तिचा आवाज येत राहिला. शब्द कळत नव्हते, आणि उठून जायचा धीर होईना.