नांदेडचा डॉक्टर

मला बीपी नाही. कधीच नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ती माझी बायको आत्ता आत माझ्यासाठी अळणी वरण शिजवते आहे.

हिंगोलीत हळदीच्या अडतीवर मी मुनीम आहे. दिवसभर पिवळा असतो. कपडे, नखं, शिंकसुद्धा. अशा माणसानं "मला नाटक बघायला नांदेडला जायचंय" असं घरी कोणत्या तोंडानं म्हणावं? आमच्याकडचा माणूस गाव सोडतो तो लग्न, मयत, कोर्ट नाहीतर दवाखान्यासाठी. पहिल्या तिघांना साक्षीदार लागतात, म्हणून मी दवाखाना निवडला.

"डॉक्टर संध्याकाळीच बसतो," मी सांगितलं.

"मी बी येते."

"नको. गर्दीनं बीपी वाढतं."

आणि जाऊन बसलो खच्चून भरलेल्या नाट्यगृहात.

हौशी मंडळींचं नाटक होतं. त्यात एक म्हातारा बराच वेळ काहीही न बोलता, वारलेल्या बायकोची लुगडी घड्या घालून ठेवत होता. बापाच्या मयतीत टिपूस न काढलेला मी तिथं हुंदके देऊ लागलो. शेजारच्या अनोळखी माणसानं पाण्याची बाटली पुढे केली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हनले डॉक्टर?"

"काळजीचं न्हाई म्हनले."

"मंग डोळे काहून सुजून राहिले?"

"गोळीची पावर."

दुसऱ्या दिवशी मी हमालांवर खेकसलो नाही. घरी येऊन तिच्याशी घटकाभर बोललोसुद्धा. "डॉक्टर हुशार दिसतो," ती म्हणाली, आणि घरातलं मीठ कमी केलं. मी बीपीच्या म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या गिळत राहिलो. हाडं तेवढी मजबूत झाली असावीत. पुढे दर हिवाळ्यात नांदेडला नाटकं लागली की तपासणी निघू लागली.

एकदा गावाकडून, साखऱ्याहून, धाकटा भाऊ जेवायला आला. पहिल्याच घासाला थांबला. "काय वहिनी, मीठ रेशनवर मिळून राहिलं का?"

"तुमच्या भावाच्या जिवापेक्षा मीठ जास्त हाय का, भावजी? घ्या वरून."

मी मान खाली घालून जेवलो. पेशंटला तेवढी सवलत असते.

मग तब्येत आणखी बिघडवली. मोठ्या डॉक्टरला दाखवायला हैदराबादला गेलो, म्हणजे तिथल्या एका संग्रहालयात. चित्रातलं मला कळत नाही. तलवारी, घड्याळं भराभर उरकली आणि एका लहानशा चित्रापाशी अडकलो. घरचे जेवून उठल्यावर एक बाई एकटी जेवायला बसलीय. बस्स, एवढंच. पण काढणाऱ्यानं तिच्याकडे इतकं नीट पाहिलं होतं, की मलाच अवघडल्यासारखं झालं. "आगे बढो, चाचा," पहारेकरी म्हणाला. पाय हलेनात. माझी बायको जेवताना कशी दिसते, ते मला आठवत नव्हतं.

घरी आलो त्या दिवशी माझं ताट झाल्यावर उठलो नाही. तिनं स्वतःला वाढून घेतलं. तेच अळणी वरण, तीच भाजी. जिच्या माहेरी ठेच्याशिवाय घास उतरत नाही, ती.

"तू काहून असलं खातीस? तुझ्यापुरतं मीठ घे की."

"तुमच्या तोंडाला चव न्हाई, मंग मला एकटीला कशी गोड लागंल?" ती म्हणाली आणि जेवत राहिली. तक्रार म्हणून नाही, सहज.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. बाहेर पडलं ते एवढंच, "पाणी दे."

त्यानंतर मी रोज तिच्या जेवणापाशी बसतो. तिला वाटतं, यांना आता एकट्याला भ्या वाटत असंल. हे लिहिलेलं छापून येण्याआधी तिला सांगायचं ठरवलंय. ठरवण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

तिला द्यायचं माझ्याकडे राहिलंय ते असं: खरी गोष्ट, आणि एक नाटक, शेजारच्या खुर्चीत बसवून. दोन्ही अजून दिलेली नाहीत.