रोझलिनबाई चालू लागल्या

वसईजवळच्या गिरीज गावात रोझलिनबाईंना सगळे टीचर म्हणत. आचोळ्याच्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. एसटीतून उतरलं की शाळेपर्यंत पायी, घरी आल्यावर वाडीत एक फेरी, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेलाही चालतच. पायांकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. मग निवृत्तीनंतर एका पावसाळ्यात विहिरीजवळच्या शेवाळलेल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, "आता जितकं चालाल तितकं चांगलं."

पण चालणं काही झालं नाही. त्यांचे यजमान फर्डिनंड बँकेतून निवृत्त होऊन केळीची वाडी बघत होते. त्यांनी वाडी गड्यावर सोपवली आणि बायकोच्या सेवेला लागले. पाणी हवं असलं की, "तू बस, मी आणतो." देवळात जायचं तर दारात रिक्षा. घरातल्या घरात उठल्या तरी दंडाला त्यांचा हात. शेजारणी म्हणत, "टीचर, नशीब काढलंत हो!" ते खोटं नव्हतं. म्हणूनच रोझलिनबाईंना काही बोलता येत नसे. हाड जुळलं, दुखणं गेलं, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की पुन्हा पडायच्या भीतीने दाराची चौकट सुटत नसे.

त्यांची मुलगी एलिना दक्षिण जर्मनीत नर्स आहे. जावई जेन्सन वसईचाच. तोही तिथेच नोकरीला. एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर एलिना म्हणाली, "मम्मी, सप्टेंबरमध्ये तुम्ही दोघं या. आपण सगळे ब्लॅक फॉरेस्टमध्ये चालायला जाऊ. एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचं, तिथे मुक्काम करायचा."

"चालायला जर्मनी कशाला हवी?" फर्डिनंड म्हणाले. "आणि मम्मीला झेपणार आहे का ते?"

"पप्पा, मी मम्मीला विचारतेय."

रोझलिनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्यात सहा वर्षांची नात बेला पडद्यात घुसली. "नाना, तू ये ना!" असं तिने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हटलं. ती आजीला नाना का म्हणे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"येते," रोझलिनबाई म्हणाल्या.

सप्टेंबरमध्ये सगळे त्या जंगलात पोचले. झाडं सरळसोट आणि इतकी दाट, की दुपारीही खाली संध्याकाळ वाटायची. वाट मात्र स्वच्छ होती. ठरावीक अंतरावर झाडांवर पिवळ्या चौकटीची खूण असे, तिच्यामागे जायचं. रोझलिनबाईंपेक्षा म्हाताऱ्या बाया काठ्या टेकत समोरून येत आणि हसून जात.

"ही सगळी निघालीत तरी कुठे?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही," जेन्सन म्हणाला. "नुसतीच चालतायत."

एलिनाने आईसाठी चालायच्या दोन काठ्या आणल्या होत्या. फर्डिनंडनी त्यातली एक काढून घेतली. "दुसरी कशाला? या बाजूला मी आहे ना." आणि त्यांनी दंड धरला. पहिल्या दोन दिवसांत वाटेवर मुळं आली की "जपून", चढ आला की "थांब", उतार आला की "बस जरा", असं चाललं होतं. रोझलिनबाईंचं निम्मं लक्ष वाटेवर, निम्मं नवऱ्याच्या हातावर. एलिनाच्या ते ध्यानात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेलाची टाच बुटाने सोलून निघाली. एलिना आणि जेन्सन तिला गाडीने पुढच्या गावात न्यायला निघाले.

"तुम्ही पण चला," एलिना म्हणाली.

"नको," रोझलिनबाई म्हणाल्या. "आजची वाट सोपी आहे म्हणालीस ना? आम्ही हळूहळू येतो."

"मी आहे हिच्याबरोबर," फर्डिनंड म्हणाले.

रात्री पाऊस झाला होता. दोघं ओढ्याकाठाने चालले होते. वाटेत एक लाकडी क्रूस लागला, आपल्याकडे वाडीच्या तोंडाशी असतो तसाच. तिथे थांबून त्यांनी एक प्रार्थना म्हटली. पुढे एका ओल्या मुळावर "जपून" म्हणता म्हणता फर्डिनंडचाच पाय सटकला. ते खाली बसले ते उठेनात. घोटा बघता बघता सुजला. मोबाइलला रेंज नव्हती. मागेपुढे कुणी नव्हतं.

"बसू आपण," फर्डिनंड म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "कुणीतरी येईलच."

रोझलिनबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग आपली शाल त्यांच्या पाठीवर घातली आणि म्हणाल्या, "ती काठी इकडे द्या."

"तू? एकटी? पडलीस म्हणजे?"

"पडले तर उठेन. तुम्ही थंडीत किती वेळ बसणार?"

दोन्ही हातांत काठ्या घेऊन त्या निघाल्या. पहिल्या वळणापर्यंत त्या प्रत्येक पावलाआधी काठ्या दाबून बघत होत्या. मागून फर्डिनंडचा आवाज येत होता, "सावकाश! मुळं बघ!" वळणापलीकडे तो आवाज थांबला. फक्त ओढा वाजत राहिला. रोझलिनबाई एका पिवळ्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चालल्या. निसरड्या उतारावर त्या चक्क खाली बसून सरकल्या, साडी चिखलाने माखली. पुढे झाडी संपली आणि कुरणापलीकडे उतरत्या मोठ्या छपराचं एक शेतघर दिसलं.

अंगणात एक म्हातारी बटाटे निवडत होती. रोझलिनबाईंना जर्मन येत नव्हतं, तिला इंग्रजी. "माय मॅन," रोझलिनबाई जंगलाकडे हात करून म्हणाल्या, "फुट," आणि आपल्या घोट्यावर हात मारून त्यांनी काडी मोडल्यासारखा अभिनय केला. शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवताना केलेले अभिनय कामी आले. जर्मनमध्ये हे दोन्ही शब्द जवळपास तसेच आहेत, हे त्यांना नंतर एलिनाने सांगितलं. म्हातारीने आत हाक मारली आणि तिच्या लेकाने ट्रॅक्टर काढला. रोझलिनबाई वाट दाखवायला त्याच्या शेजारी चढून बसल्या.

चिखलाने माखलेली बायको ट्रॅक्टरवरून येताना पाहून फर्डिनंडना आधी रडू आलं, मग हसू.

हाड मोडलं नव्हतं, घोटा नुसता मुरगळला होता. उरलेले दिवस ते लॉजच्या बाकावर पाय वर करून बसले. रोझलिनबाई एलिनाबरोबर रोज चालून यायच्या. एका दुपारी फर्डिनंडनी विचारलं, "त्या दिवशी भीती नाही वाटली तुला?"

"वाटली ना. उतारावर तर फार. पण अहो, तुम्ही धरलेलं असतं तेव्हाही वाटतेच. वर तुमची भीतीही सांभाळावी लागते."

"म्हणजे मी धरायचंच नाही?"

"मी हात मागेन तेव्हा धरा."

फर्डिनंड तोंड फिरवून समोरच्या झाडांकडे बघू लागले. त्यांना ते लागलं होतं, आणि रोझलिनबाईंनी समजूतही काढली नाही.

गिरीजला परतल्यावर रोझलिनबाई रविवारी मिस्साला चालत निघाल्या. सुरुवातीला फर्डिनंड मागून स्कूटर हळूहळू चालवत यायचे. एकदा त्या रस्त्यातच वळल्या. "एक तर पुढे जा, नाहीतर घरी जा. लोक हसतायत." ते पुढे गेले. देवळाच्या पायरीवर कुणी विचारलं, "टीचर एकट्याच?" तर म्हणाले, "तिला तसंच आवडतं." बोलताना जरा ओशाळले.

नाताळच्या आधी त्या बसने आचोळ्याला गेल्या, शाळेतली जुनी सोबतीण हंसाबाई हिला भेटायला. पोचल्यावर फोन कर, असं फर्डिनंडनी बजावलं होतं. गप्पांत त्या विसरल्या. संध्याकाळी घाईघाईने घरी आल्या, तर घराला कुलूप. फर्डिनंड मागे वाडीत होते. गड्याने हेळसांड केलेल्या केळींची वाळकी पानं कापत होते.

"फोन करायची विसरले," त्या म्हणाल्या.

"मीपण फोन बघायचा विसरलो," फर्डिनंड म्हणाले आणि पुढच्या केळीकडे वळले.