बॉनेटखालचं कुंकू

गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडला राहायला आलो, तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. सामान ट्रकमधून आलं आणि ट्रकच्या मागे, दोरीने बांधलेली, सासऱ्यांची गाडी आली. हिरवट रंगाची, गोल दिव्यांची, विलायती बनावटीची आणि माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी. अशा गाड्यांना लोक कौतुकाने क्लासिक म्हणायला लागले ते पुढे. तेव्हा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तिला तोंडावर 'भंगार' म्हणत, आणि खरं सांगायचं तर मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. ट्रकवाल्याला तिच्यासाठी वेगळे पैसे मोजले ते मला बोचत होते.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. बिल्डिंग नवी, समोर मिठागरं, पाणी टँकरचं. मी आणि नवरा सकाळी ऑफिसला निघून जायचो. सासरे घरी एकटे. गिरगावात त्यांना दहा पावलं टाकली की चार ओळखीचे भेटत. इथे कोणी 'कसं काय' विचारणारं नव्हतं. संध्याकाळी मी परतायची तेव्हा ते खाली उभ्या असलेल्या गाडीत, स्टिअरिंगमागे, काचा वर करून पेपर वाचत बसलेले असायचे. गाडी जागची हलायची नाही, कारण तिचा विमा संपलेला होता. सासूबाईंच्या आजारपणात तो भरायचा राहून गेला, आणि मग राहिलाच. उभा जन्म सरकारी नोकरीत गेलेला माणूस, विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणार नव्हता. नवरा म्हणायचा, "बाबा, इथे कोण विचारतंय?" त्यावर ते त्याच्याकडे असं बघत की तो पुन्हा विचारत नसे.

त्या बंद काचांआडून दिसणाऱ्या त्यांच्या चेहऱ्याची मला भीती वाटायला लागली. माणूस आतल्या आत मिटत चालला होता. गाडी विकायचं माझं टुमणं मी बंद केलं आणि विम्याच्या मागे लागले.

तळमजल्यावर एक गुजराती काका राहत. ते विम्याचे एजंट. रविवारी ते फॉर्म घेऊन वर आले आणि चहा पिता पिता त्यांनी मला सगळं समजावलं. विमा कंपन्या सरकारी, दर ठरलेले, त्यामुळे या कंपनीत स्वस्त आणि त्या कंपनीत महाग अशी भानगड नाही. स्वस्तात पडायचं तर विमा कशाकशाचा घ्यायचा आणि गाडीची किंमत किती लिहायची, एवढंच आपल्या हातात.

"थर्ड पार्टी ले लो, भाभी," काका म्हणाले. "आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी देणार. अपना कुछ हुआ तो अपना नसीब. एकदम सस्ता."

"फुल इन्शुरन्स," सासरे पेपराआडून म्हणाले.

"बाबा, त्याचा हप्ता झेपणार नाही आपल्याला. आणि तिचे पार्ट इथे मिळतात तरी कुठे? नुसता पैसा भरायचा."

"मग तिला काही झालं तर?"

शेवटी मधला मार्ग निघाला. थर्ड पार्टी, आणि त्यावर फक्त आग आणि चोरी. जुनं वायरिंग, त्यामुळे आगीची धास्ती; आणि आमच्या बिल्डिंगला अजून कंपाउंड नव्हतं, त्यामुळे चोरीची. हप्ता आमच्या आवाक्यातला होता. मी खूश झाले. मग काकांनी 'गाडीची अंदाजे किंमत' या रकान्यावर बोट ठेवलं आणि भंगारवाला देईल त्याहून थोडा जास्त आकडा सुचवला. कमी किंमत, कमी हप्ता.

सासऱ्यांनी पेन उचललं आणि त्या आकड्याच्या चौपट आकडा लिहिला, ठळक अक्षरात.

"अंकल, इतना कौन देगा?"

"मी कुठे विकतोय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी कपबश्या उचलून आत गेले, नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी निघालं असतं. सासऱ्यांना राग आला की ते गप्प बसतात, मला आला की सगळी बिल्डिंग ऐकते.

विम्यात खंड पडलेला म्हणून कंपनीचा माणूस गाडी बघायला येणार होता. पुढच्या शनिवारी तो आला. हातात फाइल, खिशात पेन्सिल. गाडीभोवती एक फेरी मारली, आरसी बुक मागितलं. ते उघडलं तर घडीवरचा कागद वाळवीने खाल्लेला, आणि गाडीच्या सांगाड्याचा म्हणजे चॅसिसचा नंबर नेमका तिथेच. अर्धे आकडे गायब.

"काही हरकत नाही," तो म्हणाला. "गाडीवर पट्टी असेल. पेन्सिलने तिचा छाप घेतो."

सासऱ्यांनी बॉनेट उघडलं आणि टेकूची दांडी लावली. नंबराची पितळी पट्टी आत, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर होती म्हणे. म्हणे एवढ्यासाठी, की ती दिसत नव्हती. तिच्या जागी तळहाताएवढं, काळपट लाल, दगडासारखं घट्ट झालेलं एक पुटच होतं.

"हा काय कचरा बसलाय?" तो माणूस म्हणाला.

मला वाटलं, ग्रीस असेल. मी धावत वर गेले आणि भाजीची सुरी घेऊन आले. पट्टीला सुरी लावणार, इतक्यात सासऱ्यांनी माझं मनगट धरलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, त्यांनी तोवर कधी मला हात धरून थांबवलं नव्हतं.

"ते हिचं कुंकू आहे," ते म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं. दर दसऱ्याला पहाटे ती दोघं खाली जाऊन गाडीची पूजा करत. आम्ही झोपलेलो असायचो. खाली उतरून बघितलं की टपावर झेंडूचा हार दिसायचा, एवढंच. सासूबाई तेलात कुंकू कालवून आतल्या त्या सपाट पट्टीवर स्वस्तिक काढत. जागा ठरलेली. बॉनेटला दांडी असूनही ती लावायची नाही, कारण दांडी सटकली तर, अशी त्यांना धास्ती. त्यांचं स्वस्तिक पुरं होईपर्यंत सासरे दोन्ही हातांनी बॉनेट धरून उभे राहत. अशी तीस-बत्तीस वर्षं. दरवर्षी कुंकू, वर इंजिनाची धग, त्यावर पुढच्या वर्षीचं कुंकू.

कंपनीचा माणूस चांगला होता. त्याने आवाज खाली आणला. "आजोबा, माझा नाइलाज आहे. बुकात नंबर नाही, गाडीवर वाचता येत नाही. नुसती थर्ड पार्टी द्यायची म्हटली तरी कुठल्या गाडीची देऊ?" पंधरा दिवसांनी पुन्हा येतो म्हणून तो गेला.

सासऱ्यांनी बॉनेट लावलं. त्या संध्याकाळी ते गाडीत बसले नाहीत, वरच राहिले. दुसऱ्या दिवशीही. जेवताना म्हणाले, "विकून टाका तिला. तू म्हणतच होतीस." महिन्याभरापूर्वी हे ऐकून मी पेढे वाटले असते. आता मला ते नको होतं. गाडी विकली तर घेणारा पहिल्याच दिवशी ते कुंकू खरवडणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. फक्त ते आपल्या हाताने व्हायला नको होतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

जवळच्या समुद्रकाठच्या डोंगरी गावाहून एक कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन यायची. सासऱ्यांची मीरा रोडमधली ती एकमेव मैत्रीण म्हटलं तरी चालेल. बोंबील मोजता मोजता दोघांच्या गप्पा चालत. "आजोबा, गारी घेऊन या की आमच्या गावाला, दर्या दाखवते," हे तिचं ठरलेलं आमंत्रण. त्या आठवड्यात तिने ते पुन्हा दिलं, आणि सासऱ्यांनी उंबऱ्यात बसून तिला सगळी हकीकत सांगितली. मला जे बोलून दाखवलं नव्हतं ते तिला सांगितलं. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते.

तिने टोपली झाकली आणि आपल्या होडीचं सांगू लागली. "आमी होरीला दर साली खरवरतो, आजोबा. रंग लावाच्या आधी. नाळीवरचा, होरीच्या तोंडावरचा, कुकू बी निंगतो."

"मग वाईट नाही वाटत?"

"वाईट कशाला? परत लावतो ना. माजी सासू लावायची, आता मी लावते. होरी दर्यात गेली न्हाय तं पूजा कोनासाठी करायची?" आणि मग लगेच, "सुट्टे हायेत का?"

सासऱ्यांनी सुट्टे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा ते सासूबाईंचं कपाट उघडून काहीतरी शोधत होते. त्यांचा आकडा सापडला, अंबाड्याला खोचायचा. तो, एक वाटी आणि जुना पेपर घेऊन ते खाली गेले. मी गॅलरीतून बघितलं. दांडी लावून, बॉनेटमध्ये वाकून, ते आकड्याने हळूहळू कुंकू खरवडत होते. निघालेले कण पेपरवर धरायचे आणि वाटीत टाकायचे. असं तीन सकाळी चाललं. वाटी भरली की वर येऊन गॅलरीतल्या तुळशीत घालायचे. तिसऱ्या दिवशी ते रॉकेल मागायला आले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, रॉकेलचं मात्र तुळशीत घालू नका हं. आईंची तुळस आहे, मला पुढच्या जन्मी बोलणी बसतील."

ते हसले. या घरात आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते. मला रडू आलं, मी डबा भरायला वळले.

रॉकेल आणि टूथब्रशने पट्टी लखलखीत झाली. सगळे आकडे जागच्या जागी होते. कुंकवाच्या तेलाने गंज धरू दिला नव्हता, असं सासरे भेटेल त्याला सांगत सुटले. कंपनीच्या माणसाने पट्टीवर कागद धरून पेन्सिल फिरवली आणि पांढरे आकडे उमटले. सासऱ्यांनी त्याच्याकडून आणखी एक छाप मागून घेतला आणि पाकिटात ठेवला. मग काकांनी नवा फॉर्म पुढे केला. किमतीच्या रकान्याशी सगळे थांबले.

"हिला लिहू दे," सासरे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हिलाच हप्ता भरायचाय. कागदावर काय लिहिलंय ते गाडीला थोडंच कळतं."

मी काकांच्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच लिहिलं. काकांनी कपाळावर हात मारला.

पॉलिसी आली, मेकॅनिकने महिनाभर खटपट केली, आणि दसरा उजाडला. पहाटे सासऱ्यांनी दारावर टकटक केली. हातात सासूबाईंचा कुंकवाचा करंडा आणि तेलाची पळी. "चल खाली. पूजा करून डोंगरीला जायचंय, कोळणीला सांगून ठेवलंय."

खाली त्यांनी बॉनेट उचललं. दांडी लावली नाही. दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"तू काढ," ते म्हणाले. "नंबर सोडून. जरा बाजूला."

बोट तेलात बुडवून मी कुंकू कालवलं. पहिली रेघ वाकडी आली. पुसून पुन्हा काढावी म्हणून मी थांबले.

"राहू दे, तिचीही वाकडीच यायची," सासरे म्हणाले. "सावकाश काढ. मी धरलंय."